नानांनी तोंड भिंतीकडे फिरवले, तेव्हा

भुसावळहून एका भगिनीचे चार पानांचे पत्र आले आहे. घरगुती तपशील गाळून त्याचा मजकूर असा:

"माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, रेल्वेत फिटर होते. त्यांचा बाप्तिस्मा तरुणपणीच झाला होता. परंतु मंडळीच्या जागेवरून झालेल्या भांडणानंतर गेली अठरा वर्षे ते उपासनेला गेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात ते आजारी पडले. हॉस्पिटलात शेवटच्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी त्यांना विचारले, 'नाना, तुम्ही येशूला तारणारा म्हणून स्वीकारता ना?' नानांनी उत्तर दिले नाही, तोंड भिंतीकडे फिरवले. पहाटे ते गेले. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचे बायबल प्रशिक्षण घेऊन आला आहे. तो म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने ज्यांना निवडले तेच तारले जातात, आणि नानांच्या जीवनात निवडीचे फळ दिसले नाही. पाळकसाहेब म्हणतात, निर्णय माणसाच्या हातात असतो आणि नानांनी तो घेतला नाही. दोघांचे म्हणणे एकमेकांच्या उलट आहे, पण दोन्हीकडून नाना बाहेरच राहतात. आई रात्री उठून मला विचारते, 'तुना बाप देवजोडे शे ना?' (तुझा बाप देवाजवळ आहे ना?) मला बोलता येत नाही. तीन महिन्यांपासून मी प्रभुभोजन घेत नाही. ट्रे आला की शेजारणीकडे सरकवते. मी निवडलेली आहे की नाही, हे मला कसे कळावे? आणि सगळे आधीच ठरलेले असेल, तर माझ्या विश्वास ठेवण्याला अर्थ तरी काय?"

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी एकाच वाक्यापाशी थांबलो: दोघांचे म्हणणे एकमेकांच्या उलट, पण दोन्हीकडून नाना बाहेरच राहतात. मूळ दुखणे तुम्ही स्वतःच नेमके सांगितले आहे. देवाची निवड आणि माणसाची इच्छा या प्रश्नावर मंडळीत सोळाशे वर्षे वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना थोर, देवभीरू माणसे आहेत. परंतु दोन परस्परविरोधी मतांमधून एकच निष्ठुर निष्कर्ष निघत असेल, तर तो त्या मतांमधून निघालेला नसून कोठून तरी बाहेरून आत आलेला आहे, असे मला वाटते. त्याचे मूळ शोधण्यासाठी आधी ही दोन मते खरोखर काय सांगतात ते पाहावे लागेल. लेखन थोडे लांबेल, पण तुम्ही शास्त्र वाचणाऱ्या आहात, म्हणून संक्षेप करीत नाही.

वादाचा आरंभ पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात एक प्रार्थना लिहिली होती: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ तूच दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा कर. ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस नावाचा एक कडक आचाराचा संन्यासी ही प्रार्थना ऐकून अस्वस्थ झाला. सगळे देवानेच द्यायचे, तर लोक आळशी होतील आणि पापाला सबब मिळेल, असे त्याला वाटले. माणसाला चांगले करण्याची शक्ती जन्मतःच दिलेली आहे. नियमशास्त्र आणि ख्रिस्ताचा कित्ता समोर आहे. आता त्याने मनावर घ्यावे, अशी त्याची शिकवण होती. ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की, माणसाच्या इच्छेलाच रोग जडलेला आहे; पाय मोडलेल्याला चालण्याची आज्ञा आणि चालून दाखवणारा गुरू एवढे पुरत नाही, त्याला आधी पाय बरा करणारा हवा. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली.

येथे बहुतेक लोक गोष्ट थांबवतात. तुमच्या उपयोगाचा भाग मात्र पुढे आहे. शंभर वर्षांनी, ५२९ साली, दक्षिण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ऑरेंज या गावी चौदा बिशप जमले. मध्यंतरी काही भक्तिमान लोकांनी एक मधला मार्ग काढला होता: पहिले पाऊल माणसाने टाकावे, पुढचे सर्व देव करील. ऑरेंजच्या सभेने तोही नाकारला. देवाकडे वळावेसे वाटणे, ही सुरुवातीची ओढसुद्धा कृपेनेच लागते, असे तिने ठरवले. त्याच सभेने आणखी एक गोष्ट तितक्याच कडक शब्दांत लिहून ठेवली: देवाने कोणालाही वाइटासाठी नेमून ठेवले आहे, असे आम्ही मानत नाही, आणि तसे मानणाऱ्याचा आम्ही धिक्कार करतो. कृपा पहिली, आणि देव कोणाच्याही नाशाचा कर्ता नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच कागदावर आहेत. पुढील सर्व भांडणे त्या दोन वाक्यांना एकमेकांशी कसे जोडावे यावरून झालेली आहेत.

धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न पुन्हा पेटला. डच विद्वान इरॅस्मस यांनी १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि मार्टिन ल्यूथर यांनी १५२५ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले: पापाखालची इच्छा स्वतंत्र नाही, बंदिस्त आहे. रोमन कॅथलिक मंडळीने ट्रेंट येथील धर्मसभेत १५४७ मध्ये सांगितले की, कृपा आधी येते हे खरे, परंतु तिने हलवलेली इच्छा तिला होकार देऊ शकते आणि नकारही देऊ शकते. त्याच मंडळीत पुढे डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन संन्यासी संघांच्या पंडितांमध्ये याच विषयावर असा कडाक्याचा वाद झाला की, रोममध्ये दहा वर्षे सुनावणी चालली. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणाच्याही बाजूने निकाल न देता दोघांनाही एकमेकांवर पाखंडाचा आरोप करण्यास मनाई केली. मी स्वतः प्रॉटेस्टंट पाळक आहे, तरी तो मनाईहुकूम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. तुमच्या जेवणाच्या ताटावरही तसा एक हुकूम लागू करण्याची वेळ आलेली दिसते.

आता तुमच्या भावाचे मत. ते सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांच्या परंपरेतील आहे आणि त्याला शास्त्रात भक्कम आधार आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी त्याला उडवून लावतो असे त्याला वाटणार नाही. "पित्याने आकर्षिल्याशिवाय कोणीही माझ्याकडे येऊ शकत नाही," हे प्रभूचे शब्द योहानाच्या सहाव्या अध्यायात आहेत. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात याकोब व एसाव आहेत, कुंभार व माती आहे. ती वचने आहेत, आणि ती पुसून टाकता येत नाहीत.

परंतु कॅल्विन यांनी हा विषय कोठे मांडला, हे त्याने लक्षात घ्यावे. त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत निवडीचे विवेचन तिसऱ्या भागाच्या जवळजवळ शेवटी, विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणे आणि प्रार्थना या सर्वांच्या नंतर येते. म्हणजे घरात येऊन बसलेल्या माणसाने मागे वळून पाहावे आणि म्हणावे, मला येथे आणणारा देवच होता, अशा जागी ती शिकवण ठेवलेली आहे. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची झडती घेण्यासाठी ती नाही. आपण निवडलेले आहोत की नाही हे देवाच्या गुप्त संकल्पात डोकावून शोधू पाहणारा माणूस चक्रव्यूहात शिरतो आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही, असा इशारा कॅल्विन यांनी स्वतः दिला आहे. मग निवड पाहायची कोठे? ते म्हणतात, ख्रिस्त हाच तिचा आरसा आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले जे वचन तुमचा भाऊ सांगतो, त्यातही देवाने आपल्याला जगाच्या स्थापनेपूर्वी "ख्रिस्ताच्या ठायी" निवडले, असे आहे. तो शब्द गाळला तर उरते ते नशीब, आणि नशिबाची शिकवण देण्यासाठी प्रेषितांची गरज नव्हती.

ताई, आता पुढील गोष्ट तुमच्या प्रभुभोजनाविषयी आहे, म्हणून सावकाश वाचा. नेदरलंड्समध्ये याकोबस आर्मिनियस या प्राध्यापकांच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमे मांडून म्हटले की, ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला आणि कृपेचा अव्हेर करता येतो. त्यांना उत्तर देण्यासाठी १६१८ आणि १६१९ मध्ये डॉर्ट येथे मोठी धर्मसभा भरली. निवडीची शिकवण इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कोणी मांडली नसेल. तुमच्या भावाचा अभ्यासक्रम बहुधा याच सभेवर उभा असणार. त्या सभेच्या पहिल्याच प्रकरणात सोळावे कलम आहे. ज्यांना आपल्या अंतःकरणात जिवंत विश्वास किंवा खात्रीची शांती अजून जाणवत नाही, तरीही जे देवाने नेमून दिलेल्या साधनांचा उपयोग करीत आहेत, त्यांनी नाकारले जाण्याचा उल्लेख ऐकून घाबरू नये आणि स्वतःला नाकारलेल्यांमध्ये मोजू नये. त्यांनी ती साधने नेटाने चालू ठेवावीत, असे त्याचे सार आहे. कारणही तेथेच दिले आहे: चेपलेला बोरू मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही, असे देवाचे वचन आहे. साधने म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे: वचन, प्रार्थना, प्रभुभोजन. म्हणजे ज्या शिकवणीच्या भीतीने तुम्ही तो ट्रे शेजारणीकडे सरकवता, ती शिकवण लिहिणारेच तुम्हाला तो सरकवू नका असे सांगतात. भावाला हे कलम दाखवा. प्रशिक्षणात ते त्याच्या नजरेतून निसटले असेल, किंवा त्याने ते वाचले असेल पण त्याच्यासमोर तेव्हा शोकात असलेली बहीण नसेल.

त्याने आणखी एक गोष्ट करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय त्याने कुंभारापासून सुरू न करता पहिल्या ओवीपासून वाचावा. "मला मोठा खेद वाटतो व माझ्या अंतःकरणामध्ये अखंड वेदना आहे," अशा अर्थाने पौल तेथे आरंभ करतो; आपल्या भाऊबंदांसाठी स्वतः शापित व्हायलाही तो तयार आहे. दहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला त्यांच्या तारणासाठी तो देवाची विनवणी करतो. अकराव्याच्या शेवटी सर्वांवर दया करण्याच्या देवाच्या हेतूविषयी बोलत बोलत तो स्तुतीत थांबतो, कारण देवाचे मार्ग शोधून काढता येत नाहीत हे त्याने स्वीकारले आहे. निवडीवरचा सर्वांत कठीण अध्याय ज्या माणसाने लिहिला, त्याने आपल्या नातलगांपैकी एकाचेही नाव घेऊन, हा निवडलेला नव्हता, असे म्हटले नाही. तो रडला आणि त्याने प्रार्थना केली. जी शिकवण आपल्या बापाच्या आठवणीने डोळ्यांत पाणी येऊ देत नाही, ती पौलाची नव्हे.

पाळकसाहेबांच्या मताकडे वळतो. त्यांच्या बाजूलाही शास्त्र आहे. "जीवन निवड," असे जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात मोशे सांगतो. यरुशलेमेकडे पाहून प्रभू म्हणाला की, कोंबडी जशी पिले पंखाखाली घेते तसे तुला घ्यायची माझी कितीदा तरी इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. माणसाच्या "नाही"ला देव खरे मानतो, त्याला खेळणे समजत नाही, हे त्या वचनात आहे आणि ते मला अतिशय गंभीर वाटते. या परंपरेचे थोर शिक्षक जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये कृपा सर्वांसाठी मोकळी आहे, या विषयावर उपदेश केला आणि त्यापायी त्यांचे मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड, जे कॅल्विनच्या मताचे होते, त्यांच्याशी उघड बेबनाव झाला. पुढे दोघांनी मतभेद कायम ठेवूनच मैत्री सांधली, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लींनीच केला.

पण वेस्ली असे कधीच म्हणाले नाहीत की, तारण माणसाच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यावर टांगलेले असते. माणूस देवाला शोधू लागण्यापूर्वी कृपा त्याच्यापाशी आलेली असते, असे ते शिकवत. आपले तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी घडवणारा देव आहे, या फिलिप्पैकरांस पत्रातील वचनावर त्यांनी म्हातारपणी एक उपदेश लिहिला. त्याचा गाभा असा की, देव कार्य करतो म्हणून तुम्ही कार्य करू शकता, आणि देव कार्य करतो म्हणून तुम्ही ते केलेच पाहिजे. पौलाच्या वाक्यातले "कारण" हे एक अव्यय वेस्लींनी जितके घट्ट धरले तितके मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेले नाही. आपण सहसा तेथे "परंतु" वाचतो, म्हणून घोटाळा होतो.

मग खाटेशी बसून "स्वीकारता का?" असे विचारण्याची आणि उत्तराची नोंद घेण्याची रीत आली कोठून? संजीवन सभेत सर्वांसमोर पुढे येणे, त्या क्षणी निर्णय घेणे ही पद्धत अमेरिकेतील चार्ल्स फिनी या उपदेशकाने १८३० च्या सुमारास रुळवली आणि मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. अनेकांना तिचा आशीर्वाद मिळाला आहे. माझ्या आईनेही अशाच एका सभेत हात वर केला होता. परंतु ती एक पद्धत आहे. तिच्या आधीची अठराशे वर्षे माणसे तिच्यावाचून ख्रिस्ताकडे येत होती. पंडिता रमाबाईंनी तर लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत कोणी त्यांना प्रश्न विचारला असता तर त्यांनी बिनचूक उत्तर दिले असते, आणि ते उत्तर त्यांच्याच म्हणण्यानुसार पुरेसे नसते. ओठांवरचा होकार जर इतका फसवा असू शकतो, तर ओठ न हलल्याचा पुरावा आपण इतका पक्का का मानावा?

आता मी बाहेरून आत आलेल्या त्या निष्कर्षाविषयी बोलू शकतो. तुमचा भाऊ फळ मोजतो, पाळकसाहेब उत्तर मोजतात. दोघांच्या हातात माप आहे, आणि ते माप पेलाजियसचे आहे: माणसाने काय करून दाखवले यावरून त्याचा निकाल. एक जण सार्वभौम देवाचे नाव घेतो, दुसरा स्वतंत्र इच्छेचे नाव घेतो, पण नानांच्या खाटेशी दोघेही कृपा विसरले. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मीही हेच केलेले आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी, साक्री तालुक्यात सेवा करीत असताना, मी एका वृद्ध भिल्ल बांधवाच्या खाटेशी बसलो होतो. उन्हाळा होता, कुडाच्या भिंतीतून झळा येत होत्या. मी त्यांना विचारले, "बाबा, येशूवर विश्वास ठेवता ना?" ते काही पुटपुटले. मी पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. त्यांची म्हातारी बायको कोपऱ्यातून उठली, तिने माठातून पेला भरला, माझ्या आणि त्यांच्या मधून हात घालून त्यांच्या ओठांना लावला आणि म्हणाली, "पाणी मागी ऱ्हायनात त्या." तीनदा ते पाणीच मागत होते. ते दोन घोट प्यायले, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास थांबला. मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. तहानलेल्याला पाणी देण्याविषयी प्रभू काय म्हणाला, हे मी त्याच रविवारी उपदेशात सांगणार होतो.

म्हणून नानांनी तोंड भिंतीकडे फिरवले, हे तुमच्या पत्रात वाचले तेव्हा मला राजा हिज्कीया आठवला. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात तो मरणोन्मुख पडलेला आहे. संदेष्टा येऊन त्याला निर्वाणीचे सांगतो, आणि हिज्कीया काय करतो? तो आपले तोंड भिंतीकडे फिरवतो आणि परमेश्वराची प्रार्थना करतो. संदेष्ट्याला त्याची पाठच दिसली असणार. नानांनीही तसेच केले असे मी तुम्हाला सांगत नाही. ते मला ठाऊक नाही आणि खोटा धीर देणे माझ्या सेवेला शोभणार नाही. परंतु पाठीवरून माणसाचे अंतःकरण वाचता येत नाही, एवढे मी निश्चित सांगतो. ज्या माणसाचे अठरा वर्षे मंडळीशी भांडण होते, त्याला शेवटच्या संध्याकाळी मंडळीच्याच माणसासमोर बोलणे जड गेले असेल. मंडळीकडे पाठ आणि देवाकडे पाठ या दोन गोष्टी एकच असतात असे नाही. आणि त्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत काही तास होते, ज्यांत त्यांच्याजवळ कोणीही प्रश्न विचारणारे नव्हते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो: सगळे ठरलेले असेल तर माझ्या विश्वासाला अर्थ काय? माझे उत्तर अपुरे असणार आहे, तरी जेवढे मला दिसते तेवढे सांगतो. आमच्याकडे पांझरेच्या काठी फड बागायत आहे. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटातून फडाफडाला उताराने जाणारे पाणी. शेतकरी स्वतः पाणी फिरवत नाही. ते काम पाटकऱ्याचे. हंगामापूर्वी गावकरी मिळून पाटातला गाळ काढतात, आपापले बांध घालतात. मी एकदा एका शेतकऱ्याबरोबर बांधावर उभा होतो. पाटकऱ्याने फावड्याने चारीचे तोंड मोकळे केले, पाणी वाफ्यात आले, आणि कोरडी ढेकळे एकेक करून फुटत काळी पडत गेली. त्या शेतकऱ्याने बांध घातला होता, बी पेरले होते. पण हे पाणी मी आणले, असे तो कधी म्हणणार नाही, आणि पाणी येणारच आहे म्हणून बांध कशाला घालू, असेही म्हणणार नाही. या दोन्ही वाक्यांचा वेडेपणा त्याला आपोआप कळतो. आपल्याला तारणाच्या बाबतीत तो कळेनासा होतो, कारण आपण देवाचे कार्य आणि आपले कार्य एकाच तागडीत घालून कोणाचा वाटा किती, असे वजन करू लागतो.

हा दाखला लंगडा आहे, हे मी जाणतो. तुमचा भाऊ म्हणेल, शेत मेलेले नसते आणि पापी माणूस मेलेला असतो. पाळकसाहेब म्हणतील, शेताला नाही म्हणता येत नाही आणि माणसाला येते. दोघांचेही खरे आहे. माणूस शेतासारखा नाही आणि देव पाटकऱ्यासारखा नाही. दुसऱ्या माणसाने ढकलल्यावर माझी इच्छा जशी दडपली जाते, तशी देवाने हलवल्यावर दडपली जात नाही, कारण ती इच्छा त्यानेच घडवलेली आहे आणि त्याच्या स्पर्शाने ती पहिल्यांदाच मोकळी होते. फिलिप्पै येथे लुदिया नावाची जांभळी वस्त्रे विकणारी बाई पौलाचे बोलणे ऐकत होती. प्रेषितांची कृत्ये सांगतात की, प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. आणि लगेच पुढे तीच बाई पाहुण्यांना आग्रहाने घरी नेते, त्यांचे काही चालू देत नाही. जिचे अंतःकरण देवाने उघडले, तिची इच्छा बाहुलीसारखी झाली नाही. उलट ती इतकी खंबीर झाली की पौलालाही तिच्या घरी जावे लागले. यापुढे, हे कसे घडते, असे मला विचाराल तर मी गप्प राहीन.

एकदा कोणीतरी प्रभूला विचारले होते, "प्रभूजी, तारण होणारे थोडे आहेत काय?" लूकच्या तेराव्या अध्यायात ते आहे. प्रभूने आकडा सांगितला नाही. अरुंद दाराने आत जाण्याचा नेटाने यत्न करा, असे त्याने त्यांना सांगितले. पुनरुत्थानानंतर पेत्राने योहानाकडे बोट दाखवून विचारले, "प्रभूजी, ह्याचे काय?" तेव्हाही उत्तर तसेच मिळाले: त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये. दुसऱ्याच्या तारणाचा हिशेब मागितला की प्रभू दर वेळी विचारणाऱ्याच्याच पायांकडे बोट दाखवतो. आणि स्वतःविषयी शंका घेऊन येणाऱ्याला मात्र तो असे कधीच परतवत नाही: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. हे वचन पित्याने आकर्षिण्याच्या त्या वचनापासून सातच ओव्या अलीकडे आहे. मी निवडलेली आहे की नाही, या प्रश्नाने तुम्हाला तीन महिने छळणे, हीच ती ओढ नव्हे कशावरून? ज्याला देवाचे काहीच नको, तो भुसावळहून चार पाने लिहीत नाही.

आता करण्यासारख्या गोष्टी. भावाशी जेवताना या विषयावर बोलू नका. तो वाईट मुलगा नाही. त्याचेही वडील गेले आहेत आणि त्याने आपले दुःख एका ठाम सिद्धांताखाली झाकले आहे, असे मला त्याच्या बोलण्यावरून वाटते. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि दोघे मिळून योहानाचा सहावा अध्याय आणि रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा हे अध्याय केवळ मोठ्याने वाचा, वाद न घालता. आईसमोर मात्र त्याने नानांच्या निवडीविषयी एक शब्दही काढू नये, हे त्याला स्पष्ट सांगा. हवे तर मी सांगितले म्हणून सांगा. पाळकसाहेबांना एकदा घरी चहाला बोलवा आणि त्या संध्याकाळच्या प्रश्नाने तुम्हाला काय झाले ते त्यांना मोकळेपणाने सांगा. त्यांना ते कळलेले नसण्याचीच शक्यता अधिक आहे. मला त्या म्हाताऱ्या बाईने मधून हात घालेपर्यंत कळले नव्हते.

आई रात्री उठून विचारतात तेव्हा त्यांना हो किंवा नाही असे उत्तर देण्याचा प्रयत्न करू नका. दिवा लावा, त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याच बोलीत सांगा की, नाना आता त्याच्याच हातात आहेत ज्याने त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांचे नाव ऐकले होते. मग स्तोत्रसंहितेतील तेविसावे स्तोत्र म्हणा. त्या बहुधा अर्ध्यातच तुमच्याबरोबर म्हणू लागतील.

आणि प्रभुभोजनाच्या येत्या रविवारी आईंच्या शेजारी बसा. ट्रे तुमच्यापर्यंत येईल. त्यातला द्राक्षरस तुम्ही काढलेला नसतो, पेले तुम्ही भरलेले नसतात, तो ट्रे तुमच्या रांगेपर्यंत तुम्ही आणलेला नसतो. हात मात्र तुम्हालाच पुढे करावा लागतो. आईंना एक पेला द्या, एक स्वतः घ्या, आणि मग तो शेजारणीकडे सरकवा.

तुमचा प्रभूतील बंधू